कोसळणारी भिंत, दोन इंच आणि आजचा विनोदी स्टंट

आपल्या पत्रात खरे तर तीन प्रश्न आहेत. मूकपटांच्या काळातला अमेरिकन विनोदी नट बस्टर कीटन याच्या अंगावर घराची दर्शनी भिंत कोसळते, तसा प्रसंग आज कोणी प्रत्यक्षात करू देईल का, हा पहिला. जुन्या मूकपटांतली धडपड पाहताना हसू येते आणि त्याच क्षणी पोटात गोळाही येतो, तसे आजच्या विनोदी चित्रपटांत का होत नाही, हा दुसरा. आणि आपल्या लघुपटातला नायक पहिल्या मजल्याच्या सज्जातून भाजीच्या हातगाडीवर पडतो, ते पडणे नटाकडूनच करून घ्यावे का, हा तिसरा. मी सत्तावीस वर्षे मुंबईत स्टंटचे काम करीत आहे. त्यातली पहिली अकरा वर्षे स्वतः पडण्यात गेली आणि नंतरची इतरांना पाडण्यात. त्यामुळे हे उत्तर समीक्षकाचे नसून कारागिराचे आहे, असे समजून वाचावे.

१९२८ सालच्या ‘स्टीमबोट बिल ज्युनिअर’मधला तो प्रसंग आधी नीट पाहू. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ नदीकाठी उभारलेल्या गावाच्या सेटवर चक्रीवादळ सुरू आहे, विमानाच्या इंजिनांवर चालणारे पंखे वारा सोडत आहेत, कीटन घराकडे पाठ करून उभा आहे, आणि घराची सबंध दर्शनी भिंत तळाच्या बिजागऱ्यांवर फिरत त्याच्यावर येते. धूळ उडते, आणि माळ्याच्या उघड्या खिडकीच्या चौकटीत तो होता तसाच उभा असतो. त्या भिंतीचे वजन दोन टनांच्या आसपास होते आणि चौकट व त्याचे अंग यांत दोन-तीन इंचांचेच अंतर होते, असे सांगितले जाते. हे वजन ऐकले की बहुतेकांना तो वेडेपणा वाटतो. एवढे जड कशाला, रंगवलेल्या कापडाचा किंवा प्लायवुडचा हलका पडदा का नाही, असे मला शिकाऊ मुले नेहमी विचारतात. पण हलकी भिंत त्या वाऱ्यात मुरडली असती, आणि मुरडलेल्या भिंतीची खिडकी दोन इंच सरकायला कितीसा वेळ लागतो? भिंत जड आणि ताठ होती म्हणूनच ती ठरल्या जागी पडली. जे आपल्याला धोक्याचे मूळ वाटते, तीच त्या प्रसंगातली सुरक्षिततेची तरतूद होती.

गणितही वाटते तितके सरळ नाही. खिडकी बिजागरीपासून जितक्या उंचीवर, तितक्याच अंतरावर माणूस उभा करायचा, असे कोणीही म्हणेल. पण एवढ्याच हिशेबावर विसंबले तर माणूस मरेल. समजा, नट बिजागरीपासून सहा मीटरवर उभा आहे आणि त्याची उंची १६५ सेंटिमीटर आहे. त्याच्या पावलांपाशी भिंतीचा जो भाग टेकतो, तो बिजागरीपासून सहा मीटरवरचा असतो. डोक्यापाशी मात्र भिंत तिरकी असतानाच पोहोचते, आणि तिथे तिचा जो भाग येतो तो बिजागरीपासून सहा मीटर बावीस सेंटिमीटरवरचा असतो. म्हणजे खिडकीची खालची कड टाचेच्या हिशेबाने आणि वरची कड डोक्याच्या हिशेबाने, अशी दोनदा मोजावी लागते. त्यात अंगाची जाडी, टोपी आणि वाऱ्याने फुगलेला कोट धरावा लागतो. साडेसात मीटर उंचीची भिंत अशी मोकळी सोडली, तर हवेचा विरोध वगळता खिडकीजवळचा भाग जमिनीशी येताना ताशी चाळीस किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो, त्यामुळे चुकले आहे हे कळल्यावर बाजूला होण्याचा प्रश्नच नसतो. आमच्याकडे अशा ठिकाणी नटाच्या उभे राहण्याच्या जागी खडूची खूण करीत नाहीत, खिळा ठोकतात. खडू वाऱ्याने उडतो आणि खिळा टाचेला कळतो, खाली पाहावे लागत नाही.

हे धाडस एका दिवसात सुचलेले नव्हते, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. १९१९ सालच्या ‘बॅक स्टेज’मध्ये रॉस्को आर्बकल या विनोदी नटावर नाटकाचा हलका पडदा पडतो आणि तो खिडकीतून वाचतो, त्या चित्रपटात कीटन सहकलाकार होता. १९२० साली ‘वन वीक’मध्ये त्याने तीच कल्पना घराच्या भिंतीवर करून पाहिली. म्हणजे १९२८ ची भिंत ही नऊ वर्षांच्या तालमीतली तिसरी पायरी होती. लोक तिला जिवावर उदार होणे म्हणतात; मी तिला पाठ झालेली गोष्ट जड सामानाने पुन्हा करणे म्हणतो. तरीही एक कबुली दिली पाहिजे: माझ्या हाताखालच्या माणसाला मी त्या खिळ्यावर उभे केले नसते. मोजमाप कितीही चोख असले तरी बिजागरीतला एक बोल्ट तुटण्याचा संभव उरतोच, आणि तिथे चुकीला दुसरी संधी नव्हती.

आता दुसरी बाजू. कीटनला मोठी इजा कुठे झाली हे पाहिले की चित्र बदलते. १९२४ च्या ‘शेरलॉक ज्युनिअर’मध्ये तो मालगाडीच्या टपांवरून धावत येऊन पाण्याच्या टाकीच्या सोंडेला लटकतो, आणि सोंडेतून पाणी सुटते. त्या पाण्याच्या लोटाने त्याची पकड सुटली, तो रुळांवर आदळला आणि मान रुळावर बसली. काही दिवस डोके दुखले, काम चालू राहिले, आणि पुष्कळ वर्षांनी क्ष-किरण तपासणीत मानेचे हाड कधीतरी मोडून जुळून आल्याचे डॉक्टरांच्या लक्षात आले. धावणे मोजलेले होते, उडी मोजलेली होती, सोंडेची उंची मोजलेली होती. फक्त पाण्याचे वजन कोणी मोजले नव्हते. त्याच्या आदल्या वर्षीच्या ‘अवर हॉस्पिटॅलिटी’त ट्रकी नदीच्या वेगवान प्रवाहात त्याला धरून ठेवणारी तार तुटली आणि तो खरोखरच वाहून गेला, कॅमेरा चालू राहिला आणि ते दृश्य चित्रपटात आहे. त्याच चित्रपटातला धबधब्यावरचा, पाहताना जास्त भयानक वाटणारा प्रसंग मात्र बांधलेल्या सेटवर झाला होता. माझ्या धंद्यातला अनुभव हाच आहे: ज्या प्रसंगाची सगळ्यांना भीती वाटते तिथे सहसा काही होत नाही, कारण तिथे दहा माणसे दहा वेळा तपासतात. ज्याची कोणालाच भीती वाटत नाही, तिथे अपघात टपून बसलेला असतो.

कीटनचाच समकालीन विनोदी नट हॅरॉल्ड लॉइड याचे उदाहरण यापेक्षाही बोलके आहे. १९२३ च्या ‘सेफ्टी लास्ट’मध्ये तो लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर, उंच इमारतीच्या घड्याळाच्या काट्याला लोंबकळतो, हे चित्र ज्याने चित्रपट पाहिला नाही त्यालाही माहीत असते. प्रत्यक्षात इमारतीच्या दर्शनी भागाचे तुकडे वेगवेगळ्या उंचीच्या इमारतींच्या गच्च्यांवर, कडेपासून थोडे आत बांधले होते आणि कॅमेरा असा लावला होता की मधली गच्ची दिसू नये, खालचा खरा रस्ता मात्र दिसावा. लॉइडच्या खाली गाद्या पसरलेला मचाण होता. अर्थात त्या मचाणाची परीक्षा म्हणून त्यावर एक बाहुले टाकले तेव्हा ते उसळून थेट रस्त्यावर पडले, असे लॉइडनेच पुढे सांगितले आहे. म्हणजे तरतूद होती, पण भरवशाची नव्हती. दुरून दिसणारे चढणे बिल स्ट्रॉदर या इमारती चढणाऱ्या माणसाने केले होते, आणि काही भागांत हार्वी पॅरी या स्टंटमनने लॉइडची जागा घेतली होती, हे १९७१ साली लॉइड गेल्यानंतर बाहेर आले. असे असले तरी त्या घड्याळावरच्या हातांकडे जरा निरखून पाहावे. १९१९ साली छायाचित्रासाठी हातात धरलेला, नकली समजला गेलेला बाँब खरा निघाला आणि लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी गेली. त्यानंतरचे त्याचे सगळे चढणे-लोंबकळणे खास बनवलेला हातमोजा घालून झालेले आहे. घड्याळाने त्याचे काही केले नाही. बोटे नेली ती छायाचित्रकाराच्या दालनात.

म्हणून ‘जुने ते खरे, नवे ते खोटे’ ही वाटणी मला पटत नाही. १९३६ च्या ‘मॉडर्न टाइम्स’मध्ये चॅप्लिन डोळे बांधून चाकाच्या बुटांवर गोल फिरत दुकानाच्या मजल्याच्या तुटलेल्या कडेपाशी जातो, ती कड मुळात नव्हतीच, कॅमेऱ्यासमोर ठेवलेल्या काचेवर खोल खड्डा रंगवून तो खऱ्या जमिनीशी जुळवला होता. घसरण्याचे कौशल्य खरे, खड्डा खोटा. उलट १९२८ च्या ‘द सर्कस’मध्ये तो सिंहाच्या पिंजऱ्यात जातो तेव्हा तिथे खराच सिंह होता. (त्या चित्रपटातले माकडांचे आणि सिंहाचे काम आपल्याकडे आज होणारच नाही, १९९८ च्या केंद्रीय अधिसूचनेने दोन्ही प्राण्यांना खेळ करण्यासाठी वापरण्यावर बंदी आहे.) वेगाचीही फसवणूक होती. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवीत, आणि धावपळीच्या वेळी तो मुद्दाम हळू फिरवला की पडद्यावर सगळे दुप्पट वेगाने पळताना दिसे. मूकपटांत मोटारीखाली सापडता सापडता वाचणाऱ्या पोलिसांपैकी कित्येक जण प्रत्यक्षात बऱ्याच सावकाश मोटारीपुढून गेलेले आहेत.

आपण ज्याला आधुनिक काळ म्हणता तो संगणकाबरोबर आला, असेही नाही. १९२८ मध्ये कीटन आपली स्वतंत्र तुकडी सोडून एमजीएम या बड्या स्टुडिओत गेला आणि तिथे त्याला धोक्याची कामे स्वतः करू देईनात. महागड्या नटाचा पाय मोडला तर सारे चित्रीकरण थांबते, हा हिशेब स्टुडिओने तेव्हाच मांडला होता. आज आमच्याकडे विमा कंपनी तोच प्रश्न जरा लांबलचक अर्जात विचारते.

ही परंपरा पुढे सर्वांत निष्ठेने चालवली ती हाँगकाँगच्या जॅकी चॅनने. १९८३ च्या ‘प्रोजेक्ट ए’मध्ये तो घड्याळाच्या मनोऱ्यावरून कापडी छते फाडत जमिनीवर येतो, तो लॉइडला केलेला उघड मुजरा आहे, फरक इतका की तिथे मधली गच्ची नाही. १९८५ च्या ‘पोलीस स्टोरी’त दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावरून घसरताना त्याचे हात भाजले आणि कंबरेला इजा झाली. मात्र त्याचा जीव जाता जाता वाचला तो यांपैकी कशातही नाही. ‘आर्मर ऑफ गॉड’ या १९८६ च्या चित्रपटासाठी युगोस्लाव्हियात भिंतीवरून झाडाच्या फांदीवर घेतलेली, त्याच्या हिशेबाने किरकोळ अशी ती उडी होती. फांदी तुटली, डोके दगडावर आपटले आणि कवटीचे हाड फुटले.

आपल्याकडेही हेच दिसते. जुलै १९८२ मध्ये बंगळूरला ‘कुली’च्या वेळी अमिताभ बच्चन यांना झालेली प्राणघातक इजा कुठल्या उंच उडीत नव्हे, तर मारामारीच्या साध्या दृश्यात टेबलाची कड लागून झाली. त्याच महिन्यात अमेरिकेत ‘ट्वायलाइट झोन’ या चित्रपटाच्या सेटवर हेलिकॉप्टर कोसळून एक अभिनेता आणि दोन लहान मुले गेली, आणि तिथल्या सुरक्षेच्या नियमांचा पुनर्विचार खऱ्या अर्थाने त्यानंतर सुरू झाला. २०१६ मध्ये बंगळूरजवळच्या जलाशयात एका कन्नड चित्रपटासाठी दोन नटांनी हेलिकॉप्टरमधून उड्या मारल्या. उड्या झाल्या, पाण्यातून बाहेर काढण्याची व्यवस्था तोकडी होती आणि दोघे बुडाले.

आता आपला दुसरा प्रश्न, पोटातल्या गोळ्याचा. आज आमच्या हातात पूर्वी कधी नव्हती अशी साधने आहेत. अंगाला बांधून तारेला अडकवायचा पट्टा, म्हणजे हार्नेस, आहे, पडणाऱ्याचा वेग शेवटच्या काही फुटांत आपोआप कमी करणारे डिसेंडर आहे, हवेच्या गाद्या आहेत, आणि तार दिसली तर ती नंतर संगणकावर पुसता येते. यातली शेवटची सोय सर्वांत मोठी आहे. पूर्वी तार लपवण्यासाठी ती बारीक घ्यावी लागे आणि बारीक तार तुटे. आता तार हवी तेवढी जाड घेता येते. म्हणजे खरे पडणे आज पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. मग हसू का गेले? माझ्या मते धोका गेला म्हणून नव्हे, तर पडद्यावरच्या चित्राची अखंड चौकट गेली म्हणून. कीटनचा कॅमेरा लांब उभा राहून त्याला डोक्यापासून पायापर्यंत दाखवतो, भिंतही संपूर्ण दिसते आणि मधे कट नसतो. भिंत येते आहे हे आपल्याला त्याच्याआधी कळते, तो मात्र मान चोळत उभा आहे. विनोद त्या दीड-दोन सेकंदांत घडतो. आजचा दिग्दर्शक तेच दृश्य सात तुकड्यांत घेतो: भिंतीचा कडकडाट, नटाचे डोळे, खिळा निसटतो, पुन्हा डोळे, धूळ. या सात तुकड्यांत माझ्या हाताखालच्या मुलाने खरोखर जीव धोक्यात घातला असला तरी प्रेक्षकाला तो दिसत नाही. मी स्वतः दोनदा असे पाहिले आहे, की पोराने अचूक, एका दमात केलेले पडणे संकलनाच्या टेबलावर चिंध्या होऊन आले आणि पाहणाऱ्याला वाटले, हे संगणकाचेच काम असणार.

याला अपवाद आहेत. २०२४ च्या ‘द फॉल गाय’ या विनोदी चित्रपटात मोटारीच्या साडेआठ कोलांट्यांचा विक्रम झाला आणि तो लांबून, सलग दिसेल असा घेतला गेला. त्याचा दिग्दर्शक डेव्हिड लीच स्वतः पूर्वी स्टंटमन होता, हा योगायोग नव्हे. ऑस्करनेही २०२७ च्या चित्रपटांपासून स्टंटच्या रचनेसाठी पुरस्कार जाहीर केला आहे. रचना हा शब्द मला आवडला, कारण आमचे काम पडणे हे नसून पडण्याची जागा ठरवणे हे आहे.

कीटनची भिंत आज मला करायला सांगितली तर मी ती करीन. भिंत पोलादी सांगाड्यावर, वरून फोमची, दोन्ही बाजूंना मार्गदर्शक तारा, म्हणजे ती मुरडणार नाही, बिजागरीपाशी ब्रेक, आणि वीस वेळा बाहुल्यावर पाडून प्रत्येक वेळी चौकटीचे अंतर मोजून वहीत लिहीन. त्यानंतर कॅमेरा एकाच जागी जखडून दोन प्लेट, म्हणजे नंतर एकमेकांवर जोडायची दोन वेगळी चित्रणे, घेईन: एकीत रिकाम्या जागेवर पडणारी भिंत, दुसरीत भिंतीशिवाय वाऱ्यात उभा असलेला नट, आणि त्याच्याभोवती भिंत पडल्यावर उसळणारी धूळ. दोन्ही जोडल्यावर कट नसलेली, लांबून घेतलेली, संपूर्ण चौकट मिळेल. हसू येईल का? बऱ्यापैकी येईल. पण कीटनच्या प्रेक्षकाला ‘हा वाचला कसा’ असे वाटे आणि आजच्या प्रेक्षकाला ‘हे जमवले कसे’ असे वाटते. तो फरक मी कोणत्याही तारेने भरून काढू शकत नाही. एका माणसाच्या जिवाच्या बदल्यात तेवढे गमावायला माझी हरकत नाही.

आपल्या लघुपटाकडे येतो. काही वर्षांपूर्वी एका विनोदी मालिकेसाठी (निर्मात्यांचे नाव सांगण्याचे कारण नाही) माझ्या एका फायटरला, म्हणजे स्टंट करणाऱ्या पोराला, अगदी आपल्यासारखेच, साडेदहा फुटांवरून हातगाडीवर पडायचे होते. गाडीच्या फळ्या आम्ही कापून ठेवल्या होत्या, खाली खोकी होती, वर कोबी-फ्लॉवर रबरी फोमचे. दोन तालमी चोख झाल्या. जेवणाच्या सुटीत प्रकाश बदलला, म्हणून कोणीतरी गाडी फिरवून तिचे दांडे सज्जाच्या बाजूला केले आणि भाजी पुन्हा नीट मांडून ठेवली. वरून पाहताना हिरवा ढीग जसाच्या तसा दिसत होता. पोरगा ठरल्या जागी पडला. तिथे आता दांडा होता. खांद्याचे हाड मोडले, सहा महिने काम गेले. चूक गाडी फिरवणाऱ्याची नव्हती, त्याला कोणी सांगितलेच नव्हते. सुटीनंतर पुन्हा तपासायला मी खाली उतरलो नाही, चूक ती होती.

तेव्हा नटाला पाडू नका. सज्जावरून तोल जाईपर्यंत नट असू द्या, पडणे डुप्लिकेटकडून लांबून घ्या, आणि भाजीतून डोके वर काढणारा पुन्हा नट असू द्या; कॅमेऱ्याची जागा न हलवता, नटाला कठड्याआड एकदा वाकवून हा बदल कट न दिसता साधता येतो. खोकी रिकामी, कोरुगेटेड पुठ्ठ्याची, कोपरे चिरलेली हवीत, म्हणजे हवा बाहेर निघून ती दबतील. किमान दोन थर, भोवती दोर बांधून, वर पातळ मॅट. एकदा दबलेले खोके दुसऱ्या टेकला वापरू नये, मग निर्मितीवाले कितीही कुरकुरले तरी. पडणाऱ्याने पाठीवर, अंग पसरून यावे. पाय आधी आले तर घोटा गेलाच म्हणून समजा. गाडीची चाके लाकडाचे ठोकळे लावून जखडावीत, आणि गाडीला हात लावायचा अधिकार एकाच माणसाला असावा. पहिल्या टेकच्या आधी त्या माणसाने वरून नव्हे, खाली वाकून, भाजी बाजूला सारून दांडे कुठे आहेत ते पाहावे. आणि चहाची जरी सुटी झाली तरी पुन्हा पाहावे.